ईस्टरच्या उपासनेत ढोलकी चालेल का? आपल्या उपासनेतल्या आनंदाबद्दल बोलू या

बर्डीचा_बाजा (धागा काढणारा)

सर्वांना सलाम.

नागपुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत (नाव घेत नाही) सध्या एकच विषय चालू आहे. तरुण संघाने पंच कमिटीला अर्ज दिला: ईस्टरच्या उपासनेत पेटीच्या जोडीला ढोलकी आणि टाळ वाजवू द्या, शेवटच्या गीताला मंडळीला उभे राहून टाळ्यांचा ठेका धरू द्या. एवढेच मागणे. त्यावर एका ज्येष्ठांचे मत पडले की ढोलकी खडी गंमतीत, तमाशात शोभते, देवाच्या घरात नाही. दुसरे म्हणाले, आज ढोलकी आली तर उद्या डीजे येईल. अर्ज तसाच पडून आहे.

तरुण संघात बसायचे माझे वय नाही. तरी मी मुलांच्या बाजूने आहे, आणि का ते नीट मांडावेसे वाटते.

ईस्टरला आपण काय सांगतो? येशू मेला होता आणि उठला, मरणाचा जोर मोडला. यापेक्षा मोठी बातमी आपल्यापाशी नाही. आणि ती सांगताना बसतो कसे? हात गुडघ्यांवर, नजर खाली, गीताची लय अशी की दुसऱ्या कडव्याला दम संपतो. हीच माणसे भाच्याच्या हळदीत मनसोक्त नाचतात. मला ते बघायला फार आवडते. म्हणजे आनंद करता येत नाही असे नाही, देवासमोर तो करायचा नसतो असे कधीतरी ठरून गेले आहे.

कधी ठरले, ते शोधले तर थोडे सापडते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांच्याकडे त्या काळी उपासनेत वाद्य नसे, नुसत्या कंठाने स्तोत्रे गात. त्यांची भक्ती खरी होती, तिला नावे ठेवायची माझी इच्छाच नाही. १८६३ मध्ये टाकळघाटकडच्या फेरीत पुराच्या पाण्यात बुडून ते गेले, आपल्याच मातीत. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात कोणाला माहीत नाही? पण स्कॉटलंडात घडलेली शिस्त म्हणजे शास्त्र नव्हे. शास्त्र पाहायचे तर बायबलातले स्तोत्र १५० उघडा. शिंग आहे, सतार आहे, वीणा आहे, डफ आणि नृत्य आहे, झांजा तर दोनदा आल्या आहेत. दावीद राजा कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) यरुशलेमेत आणताना सगळ्यांदेखत नाचला आणि त्याची बायको मीखल खिडकीतून पाहून त्याला तुच्छ लेखत राहिली. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, घर सोडून गेलेला धाकटा परत आल्यावर, थोरला भाऊ शेतातून येतो तेव्हा घरातून वाद्यांचा आणि नाचाचा आवाज येत असतो. बाप आत आनंद करतो आहे, थोरला दाराबाहेर रागावून उभा आहे. ही गोष्ट येशूने सांगितली ती कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्री या कडक धर्मपुढाऱ्यांपुढे.

टाळ-ढोलकी परकी आहे म्हणावे, तर तेही नाही. ना. वा. टिळकांना नागपूर-राजनांदगाव गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने शास्त्र वाचायचा आग्रह केला, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती भजन आणि कीर्तन या भाषेत उभे केले. टाळ आपल्याकडे होताच. आपणच तो कपाटात ठेवला.

तुमच्याकडे काय चालते ते लिहा. आणि फक्त रविवारचे नको. घरात, कामावर, सोमवार ते शनिवार हा आनंद कसा टिकतो, तेही लिहा.

---

मेकोसाबागची_पोर

मी मेथडिस्ट घरातली, आमच्याकडे मोठ्याने गाणे हाच धर्म! आमच्या पंथाचे जनक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याच्या सूचनाच छापल्या होत्या. अर्धमेल्यासारखे किंवा झोपेत असल्यासारखे गाऊ नका, जोर लावून आणि हिमतीने गा, असे त्यात आहे. त्यांचे बंधू चार्ल्स यांनी सहा हजारांच्या वर गीते रचली. म्हणजे आमच्या पंथाचा जन्मच गाण्यात झाला.

घरचे विचारलेत म्हणून सांगते. आजी तांदूळ निवडताना गायची. चर्चमध्ये जे गीत रविवारी झाले, तेच बुधवारपर्यंत तिच्या सुपात असायचे. मला अर्धेअधिक उपासना संगीत (आमचे गीतांचे पुस्तक) पाठ आहे ते संडेस्कूलमुळे नाही, तिच्या ओसरीमुळे.

---

जुना_पंच

बर्डीचा बाजा, तुमचे लिखाण मनापासून आहे म्हणून उत्तरही मनापासून देतो. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे.

गांभीर्य म्हणजे दुःख, हे तुम्ही धरून चालला आहात. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना गावच्या विहिरीवर पाणी बंद झाले. सख्ख्या भावाने दार लावून घेतले. असा माणूस दर रविवारी धुतलेले धोतर नेसून बाकावर ताठ बसायचा आणि उपासना संपेपर्यंत हलायचा नाही. त्याच्या चेहऱ्यावर तुम्हाला हसू दिसले नसते. पण जिथून कोणी उठवणार नाही अशी जागा त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. ते ताठ बसणे हाच त्याचा उत्सव होता. आम्ही लहानपणी त्याच्या शेजारी बसून ते शिकलो. आता कोणी माईकवरून "हात वर करा, जोरात ओरडा" म्हणाले की मला वाटते, माझ्या आजोबांना कोणीतरी उठवते आहे.

दुसरे असे की कानठळ्या बसवणारा आवाज, रंगीत दिवे, गाणारे स्टेजवर आणि मंडळी अंधारात, हे मी शहरात पाहिले आहे. तिथे मंडळी गातच नाही, ऐकते. वेस्लींनी सगळ्यांना गा सांगितले होते ना? मग तोही आनंद उसनाच झाला.

ढोलकीला माझा विरोध नाही. ढोलकीपाठोपाठ जे येते त्याला आहे.

---

बर्डीचा_बाजा

काका, आजोबांबद्दल लिहिलेत त्याबद्दल फार आभार. स्टेज आणि अंधाराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच अर्जात कीबोर्ड, ड्रम काही मागितलेले नाही. टाळ सगळ्यांच्या हातात देता येतो, तो स्टेजचा राहत नाही. माझे म्हणणे इतकेच की आजोबांचे ताठ बसणे त्यांनी कमावलेले होते. त्यांच्या नातवंडांनी नुसते बसणे उचलले, त्यामागची विहीर त्यांना ठाऊक नाही. तुम्ही ही गोष्ट चर्चमध्ये मुलांना सांगितली आहे का? सांगा ना. ढोलकीआधी ती सांगितली तर ठेका जास्त जोरात धरतील.

---

सेमिनरीहिलची_वाट

मी कॅथलिक, तुमच्या पंच कमिटीबद्दल बोलायचा अधिकार नाही. पण आमच्याकडे आनंदाला वर्षाचा एक ताल लावून दिला आहे, तो इथे सांगण्यासारखा वाटतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या मिस्सात (उपासनेत) "आलेलुया", म्हणजे देवाची स्तुती करा, हा शब्द म्हणत नाहीत. भस्म बुधवारपासून तो शब्द बंद. ईस्टरच्या आदल्या रात्री, जागरण विधीत, अंधारात मेणबत्त्या पेटवून झाल्यावर आणि वाचने झाल्यावर तो परत गातात. इतके दिवस तोंडात न आलेला शब्द एकदम आला की अंगावर काटा येतो. तीच गोष्ट नाताळाआधीच्या आगमनकाळात. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लागते, म्हणजे वाट पाहण्याच्या मधोमध थोडा आनंद आधीच चाखायला देतात.

आणि एक हिशेब बघा. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. उपवास ४० दिवसांचा म्हणतात, कारण मधले ६ रविवार त्यात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. म्हणजे सगळ्यात कडक काळातसुद्धा दर आठवड्याला एक दिवस आनंदाचा राखून ठेवला आहे. जुना पंच यांचे गांभीर्य आणि बर्डीच्या बाजाची ढोलकी, दोन्हींना वर्षात जागा आहे. फक्त उपवासकाळातला चेहरा ईस्टरला घालून यायचे नाही.

---

रात्रपाळी_सिस्टर

बरेच दिवस हा मंच वाचते, लिहिते पहिल्यांदा.

दिवाळीच्या आसपास आई गेली. मी नर्स आहे, किती माणसे जाताना पाहिली, तरी आपली आई वेगळीच असते. तिला जरीपटक्याच्या कबरस्तानात ठेवून आलो आणि पुढच्याच रविवारी चर्चला गेले. गीत चालवणारे म्हणाले, "आज कोणाचाही चेहरा पडलेला दिसला नाही पाहिजे." मी मागच्या दाराने निघून आले. तेव्हापासून ड्यूटी बदलून घेते, रविवारी रात्रपाळी करून सकाळी झोपते.

तुम्ही सगळे चांगले लिहिता आहात. पण ज्याला आनंद होतच नाही त्याने या उपासनेत कुठे बसायचे, हे कोणी सांगेल का?

---

जुना_पंच

बाई, आधी सलाम. तुमच्या आईसाठी आज रात्री आमच्या घरी प्रार्थना होईल.

चेहरा पडलेला दिसू नये असे सांगायचा हक्क कोणालाही नाही. स्तोत्रसंहितेत रडगाऱ्हाणी भरपूर आहेत, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटपर्यंत उजाडत नाही. ते पुस्तकात ठेवले आहे म्हणजे तसे येऊन बसायला परवानगी आहे.

मला या वादात एक ओळ राहून राहून आठवते आहे, मत्तय २६:३०. शेवटचे भोजन झाले, भाकर मोडली, विश्वासघात कोण करणार तेही सांगून झाले. आणि मग गेथशेमानेकडे, जिथे येशूला धरले त्या बागेकडे, निघण्याआधी त्यांनी गीत गायिले. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रे गायची रीत होती. ११८ व्यात आहे की हा दिवस परमेश्वराने नेमला, यात आपण आनंद करू. येशूला पुढचे सगळे माहीत होते, आणि तरी त्या रात्री तो इतरांबरोबर गायला. त्याला त्या वेळी बरे वाटत होते म्हणून नाही.

तेव्हा तुम्ही या आणि मागच्या बाकावर बसा. तोंड उघडू नका. आम्ही गाऊ. तुमच्या वाटणीचे गीत मंडळी गाते, तेवढ्यासाठीच तर मंडळी असते. मी ताठ बसणाऱ्यांच्या ओळीत असतो, शेजारी जागा ठेवतो.

---

गड्डीगोदामवाला

सिस्टर, काकांनी सांगितलं त्यावर मी काही बोलत नाही. एकदम बरोबर आहे.

बाकी भाऊ, आनंद पाहायचा असेल तर आमच्या हार्वेस्टला, पिकाच्या आभाराच्या उपासनेला या. आमच्याकडे ज्याच्या घरी जे होते ते तो घेऊन येते. कोणाची लौकी, कोणाची पपई, काटोलकडच्या नातेवाइकाने पाठवलेली संत्र्यांची पेटी, स्टीलच्या डब्यात घरचं तिखट, अंडी, आणि एक तरी कोंबडा पाय बांधून पायरीशी. उपदेश चालू असताना तो मधेमधे बांग देते, पाळकसाहेब थांबतात आणि पुन्हा सुरू करतात. उपासना झाली की मांडवात लिलाव.

एक म्हातारी बाई आहेत, एकट्या राहतात. दरवर्षी एक नारळ आणतात, बस. तो नारळ पुकारला की मांडवात पोट्टे ओरडायला लागतात. पन्नास, शंभर, दोनशे! ज्याने घेतला तो पैसे भरते आणि नारळ परत टेबलावर ठेवते, "पुन्हा लावा जी." पुन्हा बोली. असा एकच नारळ चार-पाच जण घेतात. मागच्या वेळी शेवटच्या माणसाने नेऊन त्या बाईंच्याच हातात दिला, तर बाई त्याच्यावर चिडल्या. "मी देवाला देल्ला, परत घरी कायले नेऊ? फोडा आन् वाटा!" तिथंच दगडावर फोडला. मले नखाएवढा तुकडा भेटला. त्याची चव मी सांगू शकत नाही.

आमचे पाळकसाहेब त्या दिवशी नहेम्याचा ८ वा अध्याय वाचतात. लोक नियमशास्त्र ऐकून रडून राहिले होते, तर त्यांना सांगितलं की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याच्याकडे वाटा पाठवा. देवाचा आनंद हेच तुमचं बळ. लोक शेवटचं वाक्य भिंतीवर लावतात, वाटा पाठवायचं विसरून जातात.

---

मेकोसाबागची_पोर

गड्डीगोदामवाला, दावीदचेही तेच आहे! नाचून झाल्यावर त्याने काय केले ते कोणी वाचतच नाही. जमलेल्या प्रत्येकाला, बायकांना आणि पुरुषांना सारखी, एकेक भाकर आणि खाऊ देऊन घरी पाठवले. २ शमुवेल ६:१९.

---

ठेकेवाला

मी भजनी मंडळात तबला-ढोलकी वाजवतो, पंचवीसेक घरांत वाजवून झाले असेल. वाद राहू द्या, कामाचे सांगतो.

१. भांडण बहुतेक वेळा वाद्याचे नसते, लयीचे आणि आवाजाचे असते. जुन्या चालीची गीते एकदम दुप्पट लयीत घेऊ नका, म्हाताऱ्यांचा श्वास सुटतो आणि मग ते ढोलकीवर राग काढतात. पहिले कडवे नेहमीच्या लयीत, दुसऱ्याला थोडी चढवा, भजनी ठेका शेवटच्या दोन कडव्यांना. मंडळी आपोआप ताठ होते.

२. पेटीवाल्याला सांगा, स्वर खाली घ्या. काळी चारच्या पट्टीत बायका गातात आणि पुरुष ओठ हलवतात. काळी एक किंवा पांढरी दोन, सगळे उघड्या गळ्याने गातील.

३. एप्रिलमधले नागपूर म्हणजे ढोलकीची परीक्षा. उन्हात चढते, कूलरसमोर उतरते. उपासनेच्या तासभर आधी आणून वाजवायच्या जागेवरच ठेवा आणि तिथेच लावा. कूलरच्या झोतात नको.

४. माईक ढोलकीला नको. गरज पडत नाही.

आणि काकांना: ढोलकी वाजवणारा पाच मिनिटांनी स्वतःचे हात विसरतो. त्या वेळी मी जितका शांत असतो तितका प्रार्थनेत डोळे मिटूनही कधी नसतो.

---

तुमची_शेजारीण

मी ख्रिस्ती नाही, धागा दिसला म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत दोन ख्रिस्ती घरे. डिसेंबरात रात्री अकराला कॅरोलवाले येतात, थंडीने हात काखेत घातलेले, ढोलकी गळ्यात. आमच्या दारापुढेही एक गाणे म्हणून जातात. माझे सासरे शेवटची दोन वर्षे अंथरुणावर होते. खिडकी उघडा म्हणायचे. चर्चमध्ये ढोलकी चालत नाही हे मला आजच कळले, आम्हाला वाटायचे ती तुमचीच आहे.

---

बर्डीचा_बाजा

शेजारीणताई, हे मी छापून कमिटीला देणार आहे.

बैठक काल झाली. ईस्टरला टाळ आणि ढोलकी, माईकशिवाय. ठेकेवाल्यांचे मुद्दे मी जसेच्या तसे वाचून दाखवले. ज्येष्ठांनी एकच अट घातली, की उपासनेआधी दोन मिनिटे स्तब्धता पाळायची, आणि वर्षभरात ज्यांचे कोणी गेले त्यांची नावे वाचायची. ही अट मला आमच्या अर्जापेक्षा चांगली वाटली. सिस्टर, तुमची मंडळी वेगळी असली तरी आईचे नाव द्यायचे असेल तर कळवा.

---

रात्रपाळी_सिस्टर

नाव कळवते. त्या दिवशी सकाळी सातला सुटते, तशीच युनिफॉर्मवर येईन. काका, मागचा बाक.

वाटा पाठवायचे वाचले आणि एक सुचले. ईस्टरला आमच्या वॉर्डात आठ-दहा जण ड्यूटीवर असतात, आया आणि वॉचमन धरून. डबा उघडायलाही वेळ होत नाही. कोणी दुपारी जेवण आणून दिले तर?

---

गड्डीगोदामवाला

का नाही? पुलाव आमच्या घरून. मटणाचा एक डबा, साध्याचा एक, ज्याले जे चालते ते. पण गाडी नाही माझ्याकडे.

---

मेकोसाबागची_पोर

माझी स्कूटी आहे. उपासना साडेदहाला संपते, अकराला गड्डीगोदामला पोचते. पायाशी एक मोठा डबा मावतो, मागे कोणी बसले तर दोन. करंज्या मी आणते, आजीच्या हातच्या नाहीत पण खुसखुशीत होतात. सिस्टर, कोणत्या गेटने आत सोडतात आणि एकूण किती माणसे ते आधी सांगा, वॉचमनदादांनाही धरून.

---

जुना_पंच

मागे मी बसतो. एक डबा मांडीवर धरीन.